मनुष्यबळ विभागातील नव्या मंडळींनो, या चुका टाळा

मनुष्यबळ विभागात नव्याने रुजू झालेला उत्साही उमेदवार पहिल्याच तिमाहीत ‘कल्चर’चा वार्षिक आराखडा सादर करतो आणि त्यात बहुधा शुक्रवारची अंताक्षरी, महिला दिनाचा झुंबा, गणेशोत्सवातील पारंपरिक वेशभूषा आणि वाढदिवसाचा केक यांपलीकडे काही नसते. या कार्यक्रमांना माझा विरोध नाही. पगार वेळेवर जमा होत असेल आणि रजा मागताना कोणाचा घसा कोरडा पडत नसेल, तर अंताक्षरी खुशाल रंगावी. मात्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडून ठेवले आहे, की माणसाला कामावर नाराज करणाऱ्या गोष्टी (पगार, धोरणे, वरिष्ठांची वागणूक) वेगळ्या असतात आणि त्याला समाधान देणाऱ्या गोष्टी (प्रत्यक्ष काम, यश, त्याची दखल) वेगळ्या. केक या दोन्ही याद्यांत बसत नाही.

निनावी सर्वेक्षण घेऊन लिहिणाऱ्याचा शोध घेणे

ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण तिचे नुकसान वर्षानुवर्षे टिकते. चकाल्याच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी सल्लागार म्हणून जात असे. तेथे ‘पूर्णपणे निनावी’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले सर्वेक्षण सर्वांना पाठवण्यात आले. पण अर्जाच्या सुरुवातीलाच विभाग, लिंग आणि नोकरीची वर्षे विचारली होती. लेखा विभागात दहा वर्षांहून अधिक काळ नोकरी झालेली स्त्री एकच होती. मर्जीतल्या लोकांची प्रवासबिले पावतीशिवाय मंजूर होतात, असे तिने लिहिले. विभागप्रमुखांनी अहवाल उघडला आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत, “ज्यांना काही अडचण असेल त्यांनी समोर येऊन बोलावे,” असे तिच्याकडे रोखून पाहत सांगितले. तिची बदली झाली नाही आणि पगारवाढही अडली नाही. पुढच्या वर्षी मात्र लेखा विभागातून प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी पाच गुण आले, अभिप्रायाचे रकाने कोरे राहिले आणि व्यवस्थापनाने तोच आकडा सर्व कर्मचाऱ्यांच्या ‘टाऊन हॉल’ सभेत पडद्यावर दाखवून टाळ्या मिळवल्या.

व्यवस्थापनाच्या अमेरिकन अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या पथकांत चुकांची नोंद कमी नव्हे, तर जास्त आढळली, कारण तेथील माणसे चूक झाल्याचे सांगायला कचरत नव्हती. म्हणून पाचपैकी पाच गुण दिसले की मी आधी धास्तावते.

माझी पद्धत अशी आहे. उत्तर देणाऱ्याविषयी विभागाखेरीज काहीही विचारायचे नाही. दहापेक्षा कमी उत्तरे आलेल्या विभागाचा निकाल स्वतंत्र दाखवायचा नाही. आणि अभिप्राय मूळ शब्दांत विभागप्रमुखांकडे जाऊ द्यायचे नाहीत, कारण माणूस त्याच्या वाक्यरचनेवरूनही ओळखू येतो. निकालानंतर महिन्याभरात, आपण काय करणार आहोत आणि काय करणार नाही, हे कारणासह जाहीर करायचे. नकारही लोक पचवतात, पण शांतता पचवत नाहीत. साठ-सत्तर प्रश्नांचे अर्ज तयार करण्याची हौसही आवरावी. गॅलप या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत बाराच प्रश्न आहेत आणि पहिला प्रश्न, कामावर आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे माहीत आहे का, इतका साधा आहे.

लेट मार्कने शिस्त लावणे

तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा कापायची, हा मुंबईतील कार्यालयांचा जुना लाडका नियम. लोअर परळच्या एका कार्यालयात तो ऐन पावसाळ्यात लागू झाला. बदलापूर आणि टिटवाळ्याहून येणाऱ्यांची गाडी कुर्ला-शीव दरम्यान पाण्यामुळे रखडली, तरी बायोमेट्रिक यंत्राला त्याचे काय? परिणाम पाहण्यासारखा होता. दोन लेट मार्क झालेला कर्मचारी तिसऱ्यांदा गाडी चुकली की धावपळच सोडून देई. अर्धी रजा जाणारच असेल, तर दहा वाजता घामाघूम होऊन का पोहोचायचे, असा विचार करून तो दुपारी दीडला येई. शिवाय, परदेशी ग्राहकांच्या कॉलसाठी आपण होऊन रात्री नऊपर्यंत थांबणारी मंडळी साडेसहाच्या ठोक्याला उठू लागली. मिनिटांचा हिशोब कंपनीने सुरू केला होता, त्यांनी तो पुरा केला.

इस्रायलमधील हैफा शहरातील पाळणाघरांत, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला गेला होता. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दंडानंतर उशिरा येणारे वाढले आणि दंड काढून घेतल्यावरही ते प्रमाण पूर्वपदावर आले नाही. लोअर परळलाही नियम मागे घेतला गेला, पण साडेसहाला उठण्याची सवय राहिली.

अकरा ते चार ही सर्वांच्या हजेरीची वेळ ठरवावी आणि बाकीचे गणित प्रत्येक गटावर सोपवावे, असे मी सुचवते. मुसळधार पावसाच्या दिवशी घरून काम करायचे की नाही, हा निर्णय पहाटे सहापर्यंत कळवावा. साहेब नऊ वाजता उठून संदेश पाठवतात, तेव्हा बदलापूरचा माणूस ठाण्याच्या फलाटावर अडकलेला असतो.

आणखी काही चुका, थोडक्यात

“आपण सगळे एक कुटुंब आहोत” हे वाक्य कोणत्याही भाषणात नको. कुटुंबात नोटीस पीरियड नसतो.

उत्कृष्ट विक्री करणाऱ्याला बक्षीस म्हणून व्यवस्थापक करू नये. त्याला इन्सेंटिव्ह द्यावा आणि माणसे सांभाळण्याचे काम ज्याला त्यात रस आहे त्याला द्यावे.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, हे सर्वांना पाठ आहे. तरीही लिफ्टजवळच्या फलकावर नोकरी सोडून गेलेल्या अध्यक्षांचेच नाव झळकत असते. तक्रार नसली तरी समितीची बैठक दर तिमाहीला घ्यावी आणि बाहेरच्या सदस्यालाही बोलवावे.

नोकरी सोडणाऱ्याची शेवटच्या दिवशी घेतलेली एक्झिट मुलाखत जवळजवळ निरुपयोगी असते. रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचे (अखेरच्या हिशोबाचे) पैसे ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्याच तोंडावर खरे कारण कोण सांगेल? तो ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’ असे लिहून मोकळा होतो आणि अहवालात त्याचाच वर्तुळाकार आलेख निघतो. हिशोब पूर्ण चुकता झाल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, मी स्वतः फोन करते आणि नोकरी सोडायची हे नक्की कोणत्या दिवशी ठरले, एवढेच विचारते. त्या दिवशी काय घडले होते, हे मग माणूस न विचारता सांगतो.