मृगाच्या आधी नाल्याकाठची प्लॅस्टिकची पन्नी अशी उचला

नागपुरात समुद्र नाही, पण नाग नदीचं पाणी शेवटी समुद्रालाच जातं. नाग कन्हानमध्ये, कन्हान वैनगंगेत. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तिच्या मुखाजवळच्या होप बेटावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पाण्यात तरंगणारी पन्नी कासवाला जेलीफिश वाटते आणि ते ती गिळतं. हे कळल्यापासून आम्ही वस्तीतल्या बायका मे महिन्यात नाल्याकाठी जातो. पहिल्या मोठ्या पावसात काठावरचं सगळं वाहून जातं, त्यामुळे काम मृगाच्या आधीच उरका.

सकाळी साडेपाचला सुरू करा, आठला थांबा. पायात बंद बूट, हातात जाड रबरी मोजे. कचऱ्याखाली साप-विंचू असतात, म्हणून आधी काठीनं हलवा. पाण्यात मात्र उतरू नका, ते गटाराचं आहे.

सगळीकडे हात घालत बसू नका. पुलाखाली, वळणावर आणि बेशरमाच्या झुडपांत पन्न्या अडकतात, तिथे दंताळं चालवा. हलकं आधी उचला. पॉलिथिनच्या पन्न्या आणि बाटल्यांची झाकणं पाण्यापेक्षा हलकी, म्हणून लांबवर जातात. बाटलीचं प्लॅस्टिक जड असतं, पण झाकण लावलेली बाटली आतल्या हवेनं तरंगते.

सगळ्यात चिवट खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची पन्नी. इवलीशी, चिखलात रुतलेली, कबाडीवालाही घेत नाही. ती नाल्यावर वेचण्यापेक्षा पानठेल्यावरच अडवलेली बरी. ठेलेवाल्या दादांना पिंपा द्या आणि दर रविवारी तो आपणच रिकामा करा. आमच्याकडे हे जमलं. खर्रा सुटावा ही इच्छा आहेच, पण तोवर पन्नी तरी नाल्यात जायला नको.

वेचलेलं गोणपाटात भरा. सिमेंटची प्लॅस्टिक बोरी उन्हात विरते आणि तिचेच धागे सुटतात. बाटल्या वाळवून कबाडीवाल्याला द्या; आतून चकचकीत अस्तराची पाकिटं तो घेत नाही, ती वेगळी बांधा. काहीही जाळू नका, तो धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो.

आणि महापालिकेच्या झोन कार्यालयात आधीच अर्ज देऊन कचरागाडीचा दिवस ठरवून घ्या. गाडी आली नाही तर भरलेल्या बोऱ्या काठावर ठेवू नका, रस्त्याच्या वरच्या अंगाला, पाणी पोचणार नाही अशा जागी नेऊन ठेवा.