सीट हीटर बंद पडल्यास: गादी उसवण्यापूर्वी काय तपासावे

मुंबईच्या हवेत सीट हीटर कशाला हवा, हा प्रश्न रास्त आहे. तरीही परदेशी बनावटीच्या अनेक महागड्या गाड्यांत तो कंपनीकडूनच बसवलेला असतो. कंबरदुखीचा त्रास असलेली मंडळी तो एसीबरोबरही वापरतात, आणि बाकीच्यांना तो चालत नसल्याचे मनालीच्या वाटेवर किंवा गाडी विकायला काढल्यावर कळते. मग गॅरेजमध्ये पहिला सल्ला बहुधा सीट उसवून हीटिंग पॅड बदलण्याचा मिळतो. हे काम खर्चाचे आहे आणि अनेकदा अनावश्यकही, कारण या शहराच्या दमट, खाऱ्या हवेत पॅडआधी सीटखालच्या कनेक्टरवर (वायरींच्या जोडणीवर) संशय घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

सीटच्या कापडाखाली किंवा लेदरखाली, फोमवर चिकटवलेली एक पातळ चटई असते आणि तिच्यात रोध (म्हणजे विजेला अडथळा) असल्याने तापणारी तार किंवा कार्बनचे तंतू विणलेले असतात. बैठकीत एक आणि पाठीत एक असे दोन पॅड असतात. जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट आणि नव्या गाड्यांत थर्मिस्टर नावाचा छोटा सेन्सर तापमानावर लक्ष ठेवतो व त्यानुसार वीजपुरवठा चालू-बंद होतो. एका सीटला साधारणपणे ५० ते १०० वॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टला चार ते आठ अँपिअरच्या आसपास प्रवाह.

बिघाड खरोखर आहे का, हे आधी ठरवावे. मे महिन्यात दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीची सीट मुळातच इतकी तापलेली असते की सेन्सरला ठरलेले तापमान गाठले गेल्याचेच दिसते आणि नियंत्रक वीज सोडत नाही. शिवाय अनेक गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय ही सोय चालत नाही. म्हणून सकाळी, इंजिन सुरू करून, एसीने केबिन थंड झाल्यावर बटण सर्वांत वरच्या पायरीवर ठेवावे आणि पाच-सात मिनिटांनी बैठक व पाठ हाताने वेगवेगळी चाचपावी. दोन्ही सीट थंड असतील तर दोष फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा सामाईक वायरिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक; एकच सीट थंड असेल तर त्या सीटच्या कनेक्टर, बटण किंवा पॅडमध्ये; आणि पाठ गरम पण बैठक थंड असेल तर बैठकीच्या पॅडवर संशय घ्यावा, मात्र काही गाड्यांत दोन्ही पॅड एकामागोमाग जोडलेले असल्याने एक तुटताच दुसराही बंद पडतो. बटणावरचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझत असेल, तर बहुतेक वेळा नियंत्रकाने दोष ओळखून पुरवठा तोडलेला असतो.

फ्यूज कोठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. उडालेला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. तो पुन्हा उडाला तर कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे आणि मोठा फ्यूज घालून वेळ मारून नेऊ नये, कारण मग फ्यूजऐवजी सीटखालची वायर जळते.

सीटखाली हात घालण्यापूर्वी एअरबॅगचा विचार करणे अत्यावश्यक आहे. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्याच पाठीत असते आणि तिच्या वायरी सहसा पिवळ्या कनेक्टरमधून जातात. इग्निशन बंद करावे, बॅटरीची ऋण टोकाची केबल काढावी, किमान दहा मिनिटे थांबावे, आणि पुस्तिकेत त्याहून अधिक वेळ सांगितला असेल तर तेवढा थांबावे. पिवळ्या कनेक्टरला मल्टीमीटरची (व्होल्टेज व रोध मोजणाऱ्या यंत्राची) टोके कोणत्याही परिस्थितीत लावू नयेत. हे कनेक्टर सुटे असताना इग्निशनही चालू करू नये, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनर लावून दोष पुसल्याशिवाय तो बहुधा जात नाही.

आता सीटखालचा गालिचा दाबून पाहावा. एसीची पाण्याची नळी तुंबली की पाणी बाहेर रस्त्यावर न पडता डाव्या-उजव्या पायाशी झिरपते. पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवे अशा ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर दाराच्या रबरातून आत आलेला ओलावा गालिच्याखालच्या फोममध्ये दीर्घकाळ टिकून राहतो, आणि कनेक्टर नेमके त्याच्या जवळ असतात. पिनांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून मऊ ब्रशने साफ करावी व पूर्ण वाळू द्यावी. सँडपेपर वापरू नये, कारण पिनांवरचा मुलामा निघून त्या अधिक लवकर गंजतात. काळवंडलेली किंवा वितळलेली पिन बदलणेच योग्य. ओलाव्याचे मूळ कारण मात्र आधी दूर करावे, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हेच काम पुन्हा करावे लागेल.

सीट पुढे-मागे सरकताना वायरींना रुळांजवळ सतत वाक बसतो, त्यामुळे तेथे त्या आतून तुटलेल्या आढळतात, जरी बाहेरचे वेष्टन शाबूत दिसत असले तरी. जोड देताना क्रिम्प (धातूची नळी दाबून घट्ट करणे) किंवा डाग (सोल्डर) देऊन वर तापवल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवावी. साधी काळी टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते.

पुरवठा तपासताना मल्टीमीटरवर अतिविश्वास ठेवू नये. गंजलेल्या जोडातूनही तो १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही. म्हणून सर्व कनेक्टर जोडून, मग बॅटरी परत लावून, हीटर जोडलेला असतानाच कनेक्टरच्या मागच्या बाजूने व्होल्टेज मोजावे. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या आसपास आकडा मिळाला आणि अर्थिंगच्या (ऋण वायरीच्या) बाजूला अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसली नाही, तर पुरवठा ठीक आहे. नव्या गाड्यांत नियंत्रक वीज तुटक स्पंदांनी पाठवतो, त्यामुळे तेथे कमी आकडा दिसणे हा दोष असेलच असे नाही.

त्यानंतर पॅड. बॅटरी पुन्हा सोडवून, पॅडचा कनेक्टर काढून त्याच्या दोन जाड वायरींमधला रोध मोजावा. १२ व्होल्टला ६० वॅटचा पॅड असेल तर तो सुमारे २.४ ओहम येतो. एवढ्या लहान मोजमापात मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधही मिसळतो, तो दोन्ही टोके एकमेकांना लावून आधी पाहून वजा करावा. आकडा अनंत आला तर पॅड तुटलेला आहे. थर्मिस्टर बारीक वायरींवर मोजावा. अनेक गाड्यांत तो २५ अंशांना १० किलोओहमच्या जवळ असतो आणि हाताच्या उबेने रोध कमी होत जायला हवा. तो ढिम्म राहिला तर सेन्सर निकामी आहे.

पॅड तुटण्यामागे बहुधा माणसाचाच हात असतो, म्हणजे खरे तर गुडघा: मागच्या सीटवरची पिशवी काढायला पुढच्या सीटवर गुडघा टेकवला की सगळा भार एका बिंदूवर येतो. दुसरे कारण बाहेरून घट्ट बसवून घेतलेली सीट कव्हरे. ती ताणून बसवताना कड्या किंवा टाके पॅडला इजा करू शकतात, आणि जाड कव्हरमुळे उष्णता आत कोंडते ती वेगळीच. बाजूच्या एअरबॅगला अडथळा करणारी कव्हरे तर मुळीच घेऊ नयेत.

तुटलेल्या तारेला सीटच्या आत जोड देण्याचा मोह होतो, पण तो जोड इतर भागापेक्षा अधिक तापून फोम व कव्हर जाळू शकतो, म्हणून पूर्ण पॅड बदलावा. मूळ पॅड मिळत नसेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या भागांत शोधता येतो, पण तेथे स्वतःचा मल्टीमीटर घेऊन जावे आणि रोध मोजूनच पैसे द्यावेत. बाजारातले सर्वसाधारण कार्बन पॅड गाडीच्या मूळ नियंत्रकाला जोडू नयेत. त्यांच्यासोबतचाच रिले, फ्यूज आणि बटण वापरावे. प्रवाशाच्या सीटच्या बैठकीत माणूस बसल्याचे ओळखणारा सेन्सर असतो, तेथे फोम उसवण्याचे काम वर्कशॉपवर सोपवणे इष्ट.

कव्हराच्या कड्या बंद करण्यापूर्वी सर्व कनेक्टर जोडून, मगच बॅटरी लावून, हीटर दहा मिनिटे चालवावा आणि तळहात फिरवत एखादा भाग बाजूच्यापेक्षा अधिक गरम तर नाही ना, हे पाहावे. मधुमेहामुळे पाय किंवा मांड्या बधिर झालेल्या व्यक्तीला भाजल्याचे जाणवत नाही; अशी व्यक्ती गाडी वापरणार असेल तर ही चाचणी दुसऱ्या कोणीतरी करावी, आणि सेन्सरबद्दल जराही शंका उरली तर हीटरचा फ्यूज काढूनच ठेवावा.