कुत्र्याला ताटातला घास देण्याआधी हे वाचा

आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हाची गोष्ट. घरात पाहुणे, गडबड, आणि आमचा बंड्या (देशी, १४ किलो) दाराशी बसून प्रत्येकाकडे बघतोय. आत्याने प्रेमाने त्याला वाटीभर शिरा दिला. त्यात बेदाणे होते हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, मी स्वैपाकघरातून आले तेव्हा तो वाटी चाटत होता आणि वाटीच्या कडेला एक फुगलेला बेदाणा चिकटलेला होता, तो बघून माझ्या पोटात गोळा आला. अर्ध्या तासात डॉक्टरांकडे पोचलो, त्यांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, मग दोन दिवस सलाइन आणि क्रिएटिनिन (किडनी नीट चालते की नाही ते रक्तातून कळतं ते) परत परत तपासलं. बंड्या वाचला कारण वेळेत गेलो. आत्याचा काही दोष नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. आणि किती खाल्लं तर चालतं असा आकडाच नाही, एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि दुसऱ्याला थोड्यातच होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी मांडलं की यामागे द्राक्षातलं टार्टारिक ॲसिड असावं. आता हेच ॲसिड चिंचेत भरपूर असतं, म्हणजे आपली चिंचगुळाची आमटी, पाणीपुरीचं पाणी हेही लांबच ठेवायचं. शिरा, पुलाव, चिवडा, केक, खीर, बेदाणे कुठेही निघतात. आधी उलट्या होतात, कुत्रं मलूल होतं, जेवत नाही, आणि किडनीचा त्रास एक ते तीन दिवसांत दिसतो, तोवर थांबलात तर उशीर झालेला असतो.

दुसरं म्हणजे कांदा-लसूण, आणि माझ्या मते आपल्या घरांत सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं कारण ते दिसत नाही. "आमचा टॉमी रोज मटणाचा रस्सा-पोळी खातो, त्याला काही होत नाही" असं सांगणारे घरोघरी आहेत. कांद्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवल्याने किंवा वाळवून पावडर केल्याने तो गुण जात नाही, आणि लसूण तर कांद्याहून तेज. १० किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम कांदा, म्हणजे एखादा मोठा कांदा, त्रास द्यायला पुरतो, आणि रोज थोडाथोडा गेला तरी साठत जातं. लक्षणं तीन-चार दिवसांनी येतात, तेव्हा कोणाला रविवारचा रस्सा आठवतच नाही. चालताना दमतो, लघवी गडद तपकिरी होते, हिरड्या पांढुरक्या पडतात. घास द्यायचाच असेल तर फोडणी घालायच्या आधी भांड्यातून साधा भात, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, अंडं, गाजर, लाल भोपळा असं वेगळं काढून ठेवा, बिनमिठाचं.

चॉकलेटबद्दल आता बऱ्याच जणांना माहिती आहे. जेवढं काळं तेवढं वाईट. १० किलोच्या कुत्र्याला साधारण ४० ग्रॅम डार्क चॉकलेटने त्रास सुरू होऊ शकतो, मिल्क चॉकलेट असेल तर १०० ग्रॅमच्या आसपास. धाप, अस्वस्थपणा, छाती धडधडणं, पुढे झटके. शुगर-फ्री च्युइंगगम, मिंट, काही पीनट बटर यांच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असतं, पाकिटावर कधी ई ९६७ लिहिलेलं असतं, त्याने अर्ध्या-एक तासात साखर एकदम उतरते आणि कुत्रं लडखडायला लागतं, कधी लिव्हरवरही जातं. घरात डायबेटिसवाले असतील तर हे गोड पदार्थ वर ठेवा.

विषारी नसूनही जिवावर येणाऱ्या दोन गोष्टी, आंब्याची कोय आणि दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस. मे महिन्यात कोय आणि पावसाळ्यात कणीस, दोन्ही आतड्यात अडकतात आणि ऑपरेशनशिवाय बऱ्याचदा निघत नाहीत. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवंच. शिजवलेल्या हाडाचं तसंच, ते ठिसूळ होतं आणि टोकदार तुकडे पडतात, कोंबडीचं असो की मटणाची नळी.

आता घरातल्या बाकीच्या वस्तू. उंदराच्या औषधाचं नीट समजून घ्या कारण त्यात दोन जाती आहेत. रंगीत केकसारखं असतं त्यातलं बरंचसं ब्रोमॅडिओलोन, ते खाल्लं तर तीन-चार दिवस कुत्रं अगदी ठणठणीत दिसतं आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो, पण लवकर गेलात तर व्हिटॅमिन के वन कित्येक आठवडे देऊन वाचतं. काळसर राखाडी पावडर, लसणासारखा वास, ती झिंक फॉस्फाइड. पोटातल्या ॲसिडशी तिचा विषारी गॅस होतो म्हणून वर दूध-पोळी काही देऊ नका, आणि गाडीत उलटी झाली तर काचा उघडा, तो वास तुम्हीही घेऊ नका.

तापासाठी किंवा लंगडतोय म्हणून आपली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने कधीच देऊ नका. फिनाइलने फरशी पुसली की वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर तो पाय चाटतो. डांबरगोळ्या कपाटात बंद. बागेत कण्हेर किंवा सायकस (ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड) असेल तर कुंपण घाला, सायकसच्या बिया लिव्हर घालवतात. पावसाळ्यात अंगावर फोड असलेला मोठा बेडूक तोंडात धरला आणि फेस यायला लागला तर त्याचं तोंड खाली करून बाजूने पाण्याची धार सोडा, पाच-दहा मिनिटं, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि मग डॉक्टर.

काही खाल्लंय असं कळलं की घरातले मोठे लगेच सुचवतात, मिठाचं पाणी पाजा, तूप द्या, दूध द्या. नका करू. मिठाच्या पाण्याने मिठाचीच विषबाधा होते, तूप-दुधाने काही विषं उलट जास्त शोषली जातात. ॲसिड, फिनाइल, रॉकेल प्यायलं असेल किंवा कुत्रं गुंगीत असेल तर उलटी करवणं फार धोक्याचं. उलटी करवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, आणि पहिल्या एक-दोन तासांतच त्याचा खरा उपयोग असतो, म्हणून "बघू सकाळी" म्हणू नका. वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबा, सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. नाही आला किंवा हिरडी आधीच पांढरी, निळसर असेल तर निघाच.

मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, जनावरांचं, सगळ्यांना ठाऊक आहे, पण तुमच्या भागात रात्री दोन वाजता कोण दार उघडतं ते आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर लावा, शेजारी कुत्र्याचं वजनही लिहा. जाताना काय खाल्लं, किती, किती वाजता हे सांगता आलं पाहिजे, पाकीट किंवा औषधाची पट्टी सोबत घ्या, उलटी झाली असेल तर पुसण्याआधी फोटो काढा. आम्ही त्या दिवशी ती शिऱ्याची वाटीच उचलून नेली होती, डॉक्टरांनी बघितली आणि लगेच इंजेक्शन भरायला घेतलं.