किटलीतला चुना आणि माझं पिएरिस

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या घरामागे एक सावलीतला कोपरा आहे. सकाळचं ऊन तासभर डोकावतं, बस्स. तिथं मी कुंडीत पिएरिस लावलं, ‘फॉरेस्ट फ्लेम’ जातीचं. बारमाही हिरवं झुडूप, पण एप्रिलात पालवी अशी लालभडक, की चैत्रात घाटातला कुसुंबच आठवावा.

दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी खत घातलं, मग आणखी घातलं. खोट होती नळाच्या पाण्यात. इथलं पाणी खडूच्या खडकातून येतं. किटलीत पांढरा थर धरतो तोच चुना कुंडीत साचतो, आणि मग मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही.

म्हणून आधी माती बघा. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओता. फसफसली तर तिच्यात चुना आहे, जमिनीचा नाद सोडा, सरळ ४०-४५ सेंमीची कुंडी घ्या आणि ‘एरिकेशिअस’ (म्हणजे आम्लधर्मी माती लागणाऱ्या झाडांसाठीचं) लिहिलेलं कंपोस्ट भरा. नाही फसफसली तरी पीएच, म्हणजे माती किती आम्ल आहे ते, मोजाच. ६च्या खाली हवा. मुळं वरवरच पसरतात, तेव्हा रोप नर्सरीच्या कुंडीत होतं तेवढंच खोल लावा. वर पाइनच्या सालीचा दोन इंच थर, खोडापासून जरा लांब.

पाणी पावसाचं. शेडच्या पन्हळीखाली मी २०० लिटरचं पिंप ठेवलंय. ते आटलं तर थोडे दिवस नळाचं घालते. झाड तहानेनं मरण्यापेक्षा बरं. ऑगस्टमध्ये तर कुंडी सुकू देऊच नका, कारण पुढच्या वसंताच्या कळ्या तेव्हाच धरत असतात. छाटणीही त्यामुळेच फुलं सुकल्याबरोबर करायची. मी एकदा ऑक्टोबरात हौसेनं कात्री चालवली आणि वर्षभराची फुलं कचऱ्यात घातली.

कोवळी पालवी उशिराच्या थंडीनं करपते. तसा अंदाज असला की रात्री जुनी सुती साडी पांघरते, सकाळी काढते. करपलेले शेंडे खुडले की बहुधा पुन्हा फुटतात.

आणि हो, झाड विषारी आहे, पानाफुलांसकट. कुत्रा असेल तर कुंडी त्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका. पांढऱ्या घंटांचे घोस बघून माझ्या लेकीला ते पूजेच्या ताटात हवे होते. फुलदाणीत ठेव म्हटलं, नैवेद्यापासून लांब.