गावात उतरण्याआधी: कृषिदूत-कृषिकन्यांच्या तयारीची यादी

बी.एस्सी. कृषीच्या सातव्या सत्रात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, म्हणजे गावात जाऊन शेतकऱ्यांसोबत शिकण्याच्या कामासाठी, गाव मिळतं. तुम्ही सांगितलेल्या आकड्यावर कुणीतरी खरोखर पैसे खर्च करणार, अशी ही पहिलीच वेळ. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून विदर्भभर मुलं-मुली याच कामासाठी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावोगाव जातात. अडचण बहुतेक वेळा एकच येते. प्रात्यक्षिकांची यादी कॉलेजच्या वेळापत्रकाने चालते आणि वावर (शेत) पावसाच्या. म्हणून तयारी मे महिन्यातच सुरू करा.

गाव ठरलं की लगेच एकदा जाऊन या. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायक यांना कॉलेजचं पत्र द्या आणि पोच घ्या. ज्यांच्याकडे काम करायचं त्या शेतकऱ्याचा गट क्रमांक, एकूण क्षेत्र, ओलीत की कोरडवाहू, यंदा काय पेरणार आणि बियाणं घरचं की विकतचं, एवढं त्याच भेटीत लिहून घ्या. नंतरची निम्मी कामं या पाच गोष्टींवर ठरतात. वयाने मोठ्यांना काका, काकू, आजी म्हणा, बाकीच्यांना भाऊ आणि ताई. ‘सर’ म्हणून हाक मारली की माणूस संकोचतो आणि मोकळं बोलत नाही.

सोयाबीनची उगवण चाचणी पेरणीच्या निदान दहा दिवस आधी व्हायला हवी. घरच्या बियाण्याच्या पोत्यांतून वरून, मधून आणि खालून मूठ-मूठ घ्या, एकत्र करा आणि न निवडता 100 दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाका, हलकी गुंडाळी करून सावलीत ठेवा. ओल राहिली पाहिजे, पाणी साचता कामा नये. सहाव्या-सातव्या दिवशी फक्त सरळ, निरोगी कोंब मोजा. वाकडे, कुजके किंवा नुसते फुगलेले दाणे धरायचे नाहीत. इथे मुलं हमखास चुकतात: चांगले दाणे निवडून चाचणी लावतात, 90 कोंब येतात आणि वावरात पिकाच्या ओळी विरळ निघतात. शिफारस एकरी 30 किलोची आहे, ती 70 टक्के उगवण धरून. चाचणीत 60 आले तर 30 गुणिले 70 भागिले 60, म्हणजे 35 किलो लागेल. त्याहून फार कमी आले तर ते बियाणं पेरूच नका म्हणून सांगा. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्याशिवाय पेरणीची तिफण काढू नका, हेही सोबत सांगा. बी 3 ते 4 सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर चाचणी कितीही चांगली असो, कोंब वर येत नाही.

बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध लावण्याचा, क्रम पाठ हवा: आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर कीटकनाशक, शेवटी रायझोबियम हे जिवाणू खत. जिवाणू आधी लावून वरून बुरशीनाशक चोळलं तर जिवाणू मरतात. सोयाबीनचं साल पातळ असतं, म्हणून हाताने रगडायचं नाही. ताडपत्रीवर पसरून हलकं वर-खाली करायचं आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. गावात पोहोचेपर्यंत पेरणी उरकली असेल, तर फोटोपुरतं पोतंभर बी रंगवू नका. ऑक्टोबरमधल्या हरभऱ्यासाठी हे प्रात्यक्षिक राखून ठेवा, तेव्हा त्याचा खराच उपयोग होतो.

माती परीक्षणाच्या नमुन्याचीही वेळ अशीच चुकते. खत टाकलेल्या वावरातून दोन-तीन महिने नमुना घेत नाहीत आणि तुम्ही पोहोचता तेव्हा डीएपी खत पडलेलं असतं. त्यामुळे जमलं तर मेमध्येच घ्या. नागमोडी चालत एकरात 10 ते 15 जागा निवडा. धुरा (बांध), झाडाची सावली, उकिरडा, बैल बांधायची जागा आणि पाणी साचणारा खोलगट भाग सोडा. इंग्रजी व्ही आकाराचा 20 ते 22 सेंटिमीटर खोल खड्डा करून आतली माती काढून टाका, मग एका बाजूचा वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा काप प्लास्टिकच्या घमेल्यात घ्या. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन फेका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना कधीच भरू नका, अहवालच चुकतो. कापडी पिशवी घ्या आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहा, कारण ओल्या मातीत पेनची शाई पसरते.

आता मापं. पुस्तकात हेक्टर आणि प्रति 10 लिटर पाणी असतं. गावात एकर, बॅग आणि फवारणीचा पंप चालतो. हे रूपांतर वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. युरियाची बॅग 45 किलोची, त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो. डीएपीची 50 किलोची, त्यात 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. पंप 15 लिटरचा की 20 चा, हे बघितल्याशिवाय मिलिलिटर सांगू नका. पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप कमी पाण्यात एकर उरकतो, त्यामुळे तिथे हिशोब एकरी मात्रेवरूनच करायचा.

निंबोळ्या जून-जुलैत पडतात, तेव्हाच वेचून सुकवून ठेवा. किडीवर फवारायच्या पाच टक्के निंबोळी अर्कासाठी 5 किलो निंबोळ्यांचा भरडा 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्याने गाळायचा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि एकूण 100 लिटर करायचं. दोनदा गाळा, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. त्याच दिवशी, संध्याकाळच्या सुमारास फवारा.

पऱ्हाटीत (कपाशीत) गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, एकरी दोन, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट उंच. ल्युर (सापळ्यातली गंधाची गोळी) विकत घेताना पाकिटावर गुलाबी बोंडअळीचं नाव वाचा. हिरव्या बोंडअळीचं ल्युर लावून ‘पतंगच नाहीत’ असा निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक. खर्रा (तंबाखू-सुपारी) मळलेल्या हाताने ल्युरला हात लावू नका, हातमोजा घाला. सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे दोन सापळ्यांनी कीड आटोक्यात येईल असं सांगू नका, त्यांचं काम अंदाज देण्याचं. सलग तीन रात्री प्रति सापळा 8 पतंग आले, किंवा 20 हिरवी बोंडं फोडून दोनांत अळी निघाली, की उपायाची वेळ झाली.

रासायनिक औषधांची फवारणी तुम्ही करायची नाही, हे आधीच ठरवून जा. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले आहेत. पीक छातीच्या वर गेलं की फवारा तोंडावर येतो, म्हणून वाऱ्याची दिशा, मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट यावर अडून बसा. डब्यावरचा लाल त्रिकोण सगळ्यात जहाल औषधाचा, मग पिवळा, निळा, हिरवा. कुणाला त्रास झाला तर ओकारी काढायला लावू नका, 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा लेबलासकट दवाखान्यात न्या. साप चावल्यावरही हाच नंबर, जखम कापायची नाही की आवळून बांधायची नाही.

सामानात गमबूट ठेवाच, पावसाळ्यात पांदण रस्त्यावरच्या काळ्या चिखलात चप्पल टिकत नाही. टॉर्च, भिंग, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, मोजपात्र, मीटर टेप, मार्कर आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही घ्या. फोनमध्ये विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी आणि हवामानासाठी मेघदूत ॲप टाका. उत्तर येत नसेल तर ठोकून देऊ नका, तिथेच किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन लावा.

बैठकीची वेळ गावाला विचारून धरा. निंदणाला गेलेल्या बाया संध्याकाळी परततात, त्यानंतर स्वयंपाक असतो. म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर धुऱ्यावर जेवणाच्या सुट्टीत बोला. पोळा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आणि आठवडी बाजार सोडून तारखा टाका. गावाची माहिती गावकऱ्यांकडूनच घेण्यासाठी जमिनीवर काढायचा रांगोळीचा गाव-नकाशा पाऊस नसेल त्या दिवशी देवळाच्या ओट्यावर काढा आणि रांगोळी गावकऱ्यांच्याच हातात द्या, तुम्ही फक्त विचारत राहा.

रोजनिशीवर शेतकऱ्याची सही त्याच दिवशी घ्या, कापसाची वेचणी सुरू झाली की घरी कुणी सापडत नाही. माती परीक्षणाचा अहवाल मात्र कॉलेजच्या फाइलमध्ये अडकवू नका. त्यातली खताची शिफारस एकरी बॅगांमध्ये मांडून मराठीत एका कागदावर लिहा आणि गाव सोडण्याआधी घरी नेऊन द्या.