पोरांना संरक्षण बजेट शिकवायचंय? शंभर चिंचोके घ्या

आठवी ते दहावीची पोरं असतील तर दीड तासात आरामात होतं. शंभर चिंचोके, खडू, कोऱ्या चिठ्ठ्या, बास.

सुरुवात राफेल आणि रणगाड्यांपासून करू नका प्लीज. तसं केलं की पोरं यूट्यूबवर बघितलेलं बोलायला लागतात, कोणाची मिसाईल किती लांब जाते, आणि तास तिथेच संपतो. आधी नाव न घालता चिठ्ठी लिहायला लावा, तुला भीती कशाची वाटते. मी हे बऱ्याचदा केलंय, दोन-तीन चिठ्ठ्यांत अतिरेकी आणि पाकिस्तान असतं, बाकी क्लासवरून येतानाचा अंधारा रस्ता, नदीचा पूर, आजीचं आजारपण, बापाचं पिणं. घरातली भीती कोणी लिहिली असेल तर ती चिठ्ठी मोठ्याने वाचायची नाही हं, तास संपल्यावर सगळ्यांशीच थोडं थोडं बोला म्हणजे त्या पोराला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. बाकीच्या फळ्यावर लिहा.

आता चिंचोके. चारपाच जणांचे गट करा, एकेक गट पुढे येऊन शंभर चिंचोके म्हणजे केंद्राचं बजेट असं समजून वाटणार, संरक्षण, शिक्षण, आरोग्य, कर्जाचं व्याज आणि बाकी सगळं. वाटून झालं की खरे आकडे सांगा. २०२५-२६ चं बजेट ५०.६५ लाख कोटींचं, त्यात संरक्षण ६.८१ लाख कोटी, म्हणजे १३ चिंचोके. व्याजाला २५. शिक्षण मंत्रालयाला अडीच, आरोग्याला २. व्याजाचा आकडा ऐकून पोरं गप्पच होतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर आपण पोरांना फसवतो. व्हॉट्सअपवर फिरतं तसं "१३ विरुद्ध २" एवढंच दाखवू नका, कारण शाळा आणि दवाखान्यांचा मोठा खर्च राज्य सरकार करतं आणि सैन्याचा पूर्ण केंद्र. हे कळलं की पोरं स्वतःच विचारतात, मग महाराष्ट्राचं बजेट कुठे बघायचं? तो प्रश्न आला की तास सत्कारणी लागला समजा.

मग संरक्षणाच्या पैशाचे परत शंभर चिंचोके करा. साधारण ४६ पगार आणि रोजच्या खर्चाला, २६ नवीन विमानं, जहाजं, शस्त्रं वगैरेला, २४ पेन्शनला, ४ बाकीच्याला. पोरांना वाटत असतं सगळा पैसा बंदुकांचा. वर्गात फौजीचं पोर असेल तर त्याच्या आजोबांची पेन्शन याच २४ मधली, हे त्याला सांगू द्या, आणि जमलं तर गावातल्या एखाद्या रिटायर्ड जवानालाच बोलवा. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात आपले जवान बर्फात पुरेसे गरम कपडे नसताना लढले, आणि त्या युद्धातच यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं, हे पोरांना माहीत असायला हवं, म्हणजे खर्च कमी करा म्हणणाऱ्यालाही कुठला कमी करायचा ते नीट सांगावं लागतं.

दुसऱ्या बाजूला किल्लारीचा भूकंप ठेवा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, हजारो माणसं झोपेतच गेली, दगडमातीच्या जाड भिंती अंगावर पडून. तिथे शत्रू कोणीच नव्हता. आणि २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुरात लोकांना काढायला बोटी घेऊन एनडीआरएफ (केंद्राचं आपत्तीत मदत करणारं दल) आली तशी आर्मी आणि नेव्हीपण आली. मग विचारा, बोटीवर खर्च झालेला रुपया कुठल्या ढिगात टाकायचा? यावर भांडणं होतात, होऊ द्या. नियम एकच, कोणी कोणाला देशद्रोही म्हणायचं नाही आणि कोणी जवानाची टिंगल करायची नाही. चीनचं काय असं कोणीतरी विचारणारच, तर सिप्रीच्या (जगभरच्या लष्करी खर्चाचा हिशोब ठेवणारी संस्था) २०२४ च्या हिशोबात चीन अंदाजे ३१४ अब्ज डॉलर, आपण ८६, पाकिस्तान १० च्या आसपास.

शेवटी फळ्यावरच्या प्रत्येक भीतीसमोर पोरांनाच लिहू द्या, यासाठी कोण लागेल, सैनिक, डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, ग्रामपंचायतीचा दिवा. तुमचं मत विचारलं तर खरं सांगा पण सगळ्यांचं बोलून झाल्यावर. फळ्याचा फोटो काढून ठेवा, १ फेब्रुवारीला नवीन बजेट आलं की तोच फोटो आणि तेच चिंचोके परत काढायचे.