हाय-फायसाठी स्वस्तातलं फर्निचर घेताना या चुका टाळा

गाणी ऐकायच्या हाय-फाय सिस्टिमवरच बजेट संपतं आणि फर्निचरचं उरलेल्या पैशांत भागवावं लागतं. त्यात गैर काहीच नाही. जुना दणकट टीपॉय, ड्रॉवरचं बसकं कपाट, पुस्तकांची मांडणी यांवर उत्तम सिस्टिम उभी राहते. खास हाय-फाय रॅक नसला म्हणून बिघडत नाही, बिघडतं ते पुढच्या गोष्टींमुळे.

माप यंत्राचं घेतलं, वायरींचं नाही

बहुतेक पूर्ण आकाराचे अॅम्प्लिफायर आणि सीडी प्लेअर ४३ ते ४४ सेंटिमीटर रुंद असतात. रुंदी सगळे मोजतात. पुढून मागेपर्यंतचं माप मात्र माहितीपत्रकातून उचललं जातं. स्पीकरच्या वायरी, पिना आणि पॉवर केबलचं वळण यांना मागे आणखी सात ते दहा सेंटिमीटर लागतात. म्हणजे ३५ सेंटिमीटरच्या अॅम्प्लिफायरला जवळजवळ ४५ सेंटिमीटरची फळी हवी. टर्नटेबलचं, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचं, झाकण पूर्ण उघडून मोजा. उघडताना ते वर जातंच, बऱ्याच मॉडेलांत मागेही झुकतं आणि भिंतीला अडतं.

रेकॉर्ड ठेवायला अनेकांची पसंती असलेल्या आयकियाच्या कॅलॅक्स या चौकोनी खणांच्या मांडणीचा एक चौकोन आतून साधारण ३३ सेंटिमीटरचा आहे. १२ इंची रेकॉर्डचं कव्हर साडेएकतीसच्या आसपास, त्यामुळे ते नेमकं बसतं. पण पूर्ण रुंदीचा अॅम्प्लिफायर त्यात जाणार नाही, तो वरच ठेवावा लागेल. खरेदीआधी वर्तमानपत्राचा कागद मापाने कापून फर्निचरवर अंथरून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

टर्नटेबल आणि स्पीकर एकाच फळीवर

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण हिचा दोष लोक सुईला, रेकॉर्डला, शेवटी टर्नटेबललाच देतात. सुई खाचेतली अगदी बारीक थरथर वाचते. स्पीकरने फळी हलवली तर सुई तीही वाचते, ती पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडते आणि चक्र सुरू होतं. थोडं असेल तेव्हा बास नुसता गढूळ होतो. जास्त झालं की घुमत वाढत जाणारा आवाज येतो.

तपासणं सोपं आहे. टर्नटेबल बंद ठेवा, प्लॅटर, म्हणजे रेकॉर्डखालची फिरती थाळी, स्थिर असू द्या, एखाद्या जुन्या रेकॉर्डवर सुई टेकवा आणि आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीपर्यंत वाढवा. आता फळीवर बोटाने टिचकी मारा. स्पीकरमधून बारीक, लगेच विरणारी ‘टक’ आली तर ठीक. ‘धुम्म’ असा लांबणारा आवाज आला, किंवा टिचकी न मारताच घुमायला लागलं, तर आवाज लगेच कमी करा. दोष फर्निचरचा आहे. पहिला उपाय फुकट आहे: स्पीकर त्या फळीवरून उतरवा. वेगळे स्टँड नसतील तर दोन भक्कम स्टुलांवर ठेवा, फक्त ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यायला हवा. लाकडी, पोकळ जमिनीवर चालताना सुई उडत असेल तर पक्क्या भिंतीत ठोकलेली छोटी फळी कुठल्याही महाग रॅकपेक्षा जास्त उपयोगी पडते. काँक्रीटच्या जमिनीवर तिची गरज सहसा पडत नाही.

सीडी प्लेअर, स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र), ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर यांना असल्या हादऱ्यांचं फारसं काही वाटत नाही. त्यांच्याखाली महागडे पाय लावण्यापेक्षा तो पैसा टर्नटेबलखालच्या फळीवर घाला.

बंद कपाट

अॅम्प्लिफायरला हवा लागते. वर किमान दहा सेंटिमीटर जागा सोडा. क्लास ए किंवा व्हॉल्व्हचा, म्हणजे जास्त तापणारा, असेल तर तो उघड्यावरच बरा. अर्ध्या-पाऊण तासाने आवाज बंद पडतो आणि थंड झाल्यावर परत येतो, असं होत असेल तर आधी कपाटाचं दार उघडं ठेवून पाहा. तरीही होत असेल तर स्पीकरच्या वायरींचे धागे एकमेकांना टेकलेत का ते बघा.

इथे आणखी एक चूक होते. हवा आणि वायरींसाठी लोक मागची पातळ पाठ पूर्ण काढून टाकतात. स्वस्त फर्निचर आडवं न डोलता उभं असतं ते बऱ्याचदा त्या पाठीमुळेच. ती गेली की सगळं डुगडुगायला लागतं. पाठ राहू द्या, तिला हव्या तेवढ्याच मोठ्या खिडक्या कापा.

वाकणारी फळी

शंभर रेकॉर्डचं वजन सहज २५ किलोच्या घरात जातं. पार्टिकल बोर्डची लांब फळी ते सुरुवातीला पेलते, मग महिन्यामहिन्याने मधोमध खाली येत राहते. मध्ये एक उभा टेकू द्या. फळी बदलणार असाल तर जाड घ्या: जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. काही हलक्या टेबलांत वरचा थर पातळ असून आत कागदाची जाळी असते. त्यांवर छोटं यंत्र चालेल, पण जड अॅम्प्लिफायरचे चार पाय नेमके कुठे टेकतात ते पाहून ठेवा.

यंत्रावर यंत्र

जागा नाही म्हणून टर्नटेबल अॅम्प्लिफायरवर ठेवू नका. हवेच्या जाळ्या झाकल्या जातात, आणि खालच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) पकडतं. मूव्हिंग मॅग्नेट या प्रकारच्या कार्ट्रिजचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे शेजारचा गोंगाट त्यात लगेच मिसळतो. गुणगुण येत असेल तर टर्नटेबल हातात धरून बाजूला सरकवत जा; जिथे ती कमी होते, तिथे त्याची जागा करा. तसा फरक पडला नाही तर अर्थची वायर नीट बसली आहे का ते पाहा.

सगळं मांडून झालं, रेकॉर्डही भरले की मगच पाणसळ लावा, आणि ती फळीवर नाही, प्लॅटरवर ठेवा. वजन बसल्यावर फर्निचर थोडं दबतं, म्हणून आठवड्याने पुन्हा एकदा बघा. बुडबुडा सरकलेला असेल तर एखाद्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी पुरते.